बाजेखालचं घमेलं

मी दैवशाला. हसनाबादेत लेकरू जन्मलं की माझ्याकडं सांगावा येतो. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम मी चाळीस वर्षं करून राह्यले. माझ्या आधी माझी सासू करायची, गोजरबाई. तिचे हात थकले तसं तिनं मला पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले अन् माझ्या नडग्यांवर एक लेकरू टाकलं. तवापासून माझे पाय लांबच हायेत. आता गुडघे बोंबलतात, कंबर धरती, उठताना भिताडाला हात लावावा लागतो. पण लेकरं काय जन्मायची थांबत न्हाईत.

अन् माझ्या नाकावर राग हाय, ते बी आधीच सांगून टाकते. बाया म्हणतात, दैवशालाच्या हाताला गुण हाय पण तोंडाला काटे हायेत. म्हणू द्या. बाळंतिणीच्या घरी धा जणी धा सल्ले देतात, तिथं एकीनं आवाज चढवल्याशिवाय कामच होत न्हाई. मी आवाज चढवते. घरात बी चढवते, सवयच लागली.

सासूनं मला आंघोळ शिकवायच्या आधी चूल शिकवली. पाणी तापवायला पऱ्हाट्या चालतात, कपाशीच्या वाळल्या काड्या त्या, भडकन पेटतात अन् भसकन विझतात. शेकाला मात्र बाभळच पाहिजे, तिचे इंगळ, म्हंजी निखारे, टिकतात. पदर कमरेला खोचल्याबिगर चुलीपुढं बसायचं न्हाई. ओलं लाकूड घालायचं न्हाई, रॉकेल तर बिलकुल ओतायचं न्हाई. जळतं लाकूड बाहेर आलं की लगेच आत सारायचं. उठताना लाकडं ओढून विझवायची, वर राख सारायची, मगच पाठ फिरवायची. अन् बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायचे ते इंगळ पार लाल झालेले, धूर सरलेले पाहिजेत. धूर न्हाई तर भेव न्हाई, असं सासू म्हणायची. मी बी घरोघरी हेच सांगत आले. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली कोणाची साडी पेटली न्हाई की कोणत्या लेकराला चटका बसला न्हाई. ह्याचा मला लई गर्व होता.

शेक म्हंजी काय, ते आजकालच्या पोरींना सांगावं लागतं. तेल लावून, कडक पाण्यानं आंघोळ घालून झाली की बाळंतिणीला सुंभाच्या बाजेवर निजवायचं. बाजेखाली घमेल्यात इंगळ ठेवायचे, त्यावर चिमूटभर ओवा अन् बाळंतशोपा टाकायच्या. कुशीत लेकरू द्यायचं, दार लावून घ्यायचं. अर्ध्या तासानं घमेलं उचलायचं. ऊब सुंभातून वर येती, पाठ-कंबर मोकळी होती, मायलेकरं गाढ झोपतात. कच्च्या अंगाला वारं लागू द्यायचं न्हाई, एवढंच सांभाळायचं.

ह्या हिवाळ्यात माझ्याच घरात बाज पडली. माझी लेक दीपमाला, घनसावंगीला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. सहा वर्षं तिला कोणी कोणी काय काय ऐकवलं, ते ती फोनवर सांगायची अन् मी इकडं दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घालायचे. मग एकदाचे दिवस गेले. सातव्या महिन्यात मी तिला माहेरी आणलं. भोकरदनच्या दवाखान्यात पोरगी झाली, काळ्याभोर जावळाची. नर्सबाईनं ती माझ्या हातात दिली तवा मी तिची बोटं दोनदा मोजली. शेकड्यानं लेकरं हाताळलेली बाई मी, पण आपलं ते आपलंच असतं.

घरातली सगळ्यात चांगली खोली मी तिला दिली. माझा पोरगा राजानंद जालन्याला सळईच्या कंपनीत कामाला हाय, आठ-पंधरा दिवसांनी येतो. त्यानं मागच्या उन्हाळ्यात घरकुलाची खोली बांधली. वर स्लॅब, खाली फरशी, काचेची सरकती खिडकी. खिडकी आमच्याच गावातल्या मुनीरनं बसवली. बसवून झाल्यावर त्यानं काचेवर टिचकी मारली अन् म्हणला, मौसी, ऐसी फिट बिठाया हूँ की चींटी भी अंदर नहीं आएगी. जुन्या पत्र्याच्या खोलीत थंडीत हाडं गोठतात. म्हणलं, लेकीला आता वारं लागायचं काम न्हाई.

माझी सून भावना. चार वर्षं झाली लग्नाला, बारावी शिकलेली, बोलायला कमी. बोलली तरी खाली बघून बोलती. पहिल्याच दिवशी शेक देऊन मी बाहेर आले तर मला म्हणती, आत्या, खिडकी थोडी उघडी ठेवायची का? आत कोंडल्यावाणी होतंय. मी तिला तिथंच झाडली. चाळीस वर्षं मी हे काम करून राह्यले, अन् काल आलेली तू मला शिकवती का? ती गपचूप भांडी घासायला गेली.

चौथ्या दिवशी दीपमाला म्हणली, माय, डोकं लई ठणकतंय. दुपारी अंगणात उन्हाला बसवलं की डोकं उतरायचं. दुसऱ्या दिवशी शेक दिला की पुन्हा धरायचं. मला कळंना. जागरण म्हणावं तर लेकरू गुणाचं, रात्री झोपायचं. मग एकदा शेक चालू असताना मी आत गेले अन् बघते तर काय, खिडकी दोन बोटं सरकवलेली. तिथून गार वारं आत येऊन राह्यलं. म्हणलं, सापडलं. कच्च्या बाळंतिणीच्या डोक्याला वारं लागून राह्यलं, दुसरं काय?

भावनाला मी अंगणात उभी करून बोलले. शेजारच्या पुष्पाबाई भिताडावरून बघत होत्या, तरी बोलले. सहा वर्षांनी लेकीच्या पदरात लेकरू पडलं, ते तुला बघवत न्हाई का, इथपर्यंत बोलले. कानामागून आली अन् तिखट झाली, असं बी म्हणले. भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दोन दिवसांनी बघते तर खिडकी पुन्हा एक बोट उघडी. आता काय म्हणावं ह्या पोरीला?

मग मी विलाज केला. आमच्याकडं ह्या दिवसांत घराघरात कापूस असतो. व्यापारी येईपर्यंत घरातच ढीग लावून ठेवतात. आमच्या पडवीत बी ढीग होता. त्यातला मूठमूठ कापूस घेतला अन् खिडकीच्या फटीत उलथन्याच्या टोकानं ठासून भरला. काच जागची हलंना. दाराखालच्या फटीला जुनं लुगडं लावलं. अन् भावनाला सांगितलं, मी सांगितल्याशिवाय ह्या खोलीत पाय टाकायचा न्हाई.

दुसऱ्या दिवशी थंडी लई होती. धुकं सूर्य वर आला तरी हटत नव्हतं. मला दीपमालाचं उरकून मुनीरच्या घरी जायचं होतं. त्याची बायको फरहाना बी बाळंत झाल्ती, लेकरू पाच दिवसांचं. थंडी म्हणून मी चुलीत बाभळीची दोन लाकडं जास्त घातली. इंगळ मस्त पडले, लाल, धुराचा मागमूस न्हाई. नेहमीचं लहान घमेलं बाजूला ठेवून मोठं घेतलं, भरलं, बाजेखाली सरकवलं. दीपमाला डोळे मिटून पडल्ती. म्हणली, माय, मळमळ करून राह्यलंय. मी म्हणलं, "रिकाम्या पोटी तेल-पाणी झालं, म्हणून होतंय. नीज जरा. उठली की शिरा देते."

नेहमी मी अर्धा तास थांबते अन् घमेलं उचलूनच बाहेर पडते. त्या दिवशी थांबले न्हाई. खरं सांगते, गुडघ्यांनी जीव खाल्ला होता. वाकायचं, बाजेखालून जड घमेलं ओढायचं, उचलायचं, चुलीपाशी न्यायचं, ह्या नुसत्या विचारानंच मला थकवा आला. म्हणलं, ऊब हाय तर राहू दे, लेक झोपलीच हाय, आल्यावर उचलू. भावना अंगणात धुणं घेऊन बसल्ती. तिच्याकडं एक नजर टाकली अन् निघाले.

मुनीरचं घर जुनं, पत्र्याचं. फरहानाला न्हाऊ घातलं, बाजेवर निजवलं. मुनीरची आई अकबरबी हिनं स्वतः बाजेखाली शेगडी सारली. माझ्याहून धा वर्षांनी मोठी बाई, पण हालचाल पोरीवाणी. लेकराला दुपट्यात गुंडाळून मी भिताडाला टेकले तवा मुनीर चहा घेऊन आला. त्यानं विचारलं, मौसी, खिडकी कैसी है? मी तोंडभरून कौतुक केलं. म्हणलं, लई बराबर बसवली रे, अन् जी काय बारीक फट होती ती मी कापसानं बुजवली, आता एक झुळूक आत येत न्हाई.

अकबरबी शेगडीला वारा घालत होती. तिचा हात थांबला.

"और अंगार किधर रखी?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, किधर म्हंजी? बाजेखाली. आता बी तिथंच हाय.

तिनं वर बघितलं. तिच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं, भिताड अन् पत्र्याच्या मधी हात जाईल एवढी फट, तिथून धुक्यातल्या उजेडाचे पट्टे खाली आल्ते. ती म्हणली, मेरे घर में तो ऊपर से आसमान दिखता, दैवशाला. मग तिनं मला तिच्या भाच्याच्या वीटभट्टीवरची गोष्ट सांगितली. मागच्या थंडीत दोन मजूर सिगडी आत घेऊन, दार बंद करून झोपले. सकाळी उठलेच न्हाईत. धुआं का नाम नहीं था, ती म्हणली. लाल अंगार थी, बस.

मी चहा खाली ठेवला. मला माझ्या सासूचं घर दिसलं. धाब्याचं, मातीचं, अन् चुलीच्या बराबर वर माळवदाला धुरासाठी भोक. हिवाळा असो की उन्हाळा, ते भोक उघडंच असायचं. सासूनं मला चुलीचा एकूण एक नियम सांगितला, पण भोकाचा सांगितला न्हाई. सांगायचं कशाला, ते तर डोक्यावरच होतं. नंतर पत्र्याची घरं आली, त्यांना बी फटी होत्या. अन् मी चाळीस वर्षं समजून राह्यले की लेकरं माझ्या हातगुणानं वाचून राह्यलीत. डोकं रोज शेक झाल्यावरच दुखायचं, उन्हात आणलं की थांबायचं. एवढी सरळ गोष्ट मला दिसली न्हाई. उठताना भिताडाचा आधार घ्यायचं बी सुचलं न्हाई.

मी पळाले. माझं पळणं ते काय, लंगडणंच. मागून मुनीरनं मोटरसायकल काढली अन् मला कोपऱ्यावर बसवून घेतलं. चार गल्ल्यांचा रस्ता. मला वाटलं, घर जालन्याएवढं लांब गेलं.

अंगणात शिरले तर आधी काचा दिसल्या. खिडकीच्या खाली समदीकडं काचाच काचा, अन् त्यात वरवंटा पडलेला. घमेलं दाराबाहेर उलटं, इंगळ पाण्यात काळे पडलेले. दीपमाला अंगणात जमिनीवर कुशीवर पडल्ती, ओकलेली, डोळे अर्धे उघडे, तोंडातून शब्द फुटत नव्हता. भावना तिच्या उशाशी बसल्ती अन् तिच्या मांडीवर लेकरू होतं, उघड्या हवेत धरलेलं. लेकरू पांढरं पडल्तं. हात लोंबत होते.

मला बघून भावना लेकरासकट उठून उभी राह्यली. तिच्या हाताची बोटं भाजून फुगल्ती, तापलेलं घमेलं तिनं तशाच हातानं उचललं होतं. पहिला शब्द काय बोलली, तर म्हणली,

"आत्या, रागावू नका. काच मी फोडली."

मी तिथंच मातीत बसले, पाय लांब केले, लेकरू नडग्यांवर घेतलं अन् तळपाय चोळायला लागले. दुसरं मला येतंच काय? चोळत राह्यले अन् लेकरू काही रडंना. शेकड्यानं लेकरं ह्या पायांवर रडली, त्यांच्या रडण्याला मी वैतागले, अन् हे एक रडंना. मग कवातरी ते एवढंसं कण्हलं, मांजरीच्या पिल्लावाणी. तवर मुनीरनं टेम्पो आणल्ता. दीपमालाला मागं गादीवर घातलं, भावनानं तिचं डोकं मांडीवर धरलं, अन् आम्ही भोकरदनचा रस्ता धरला. सारे पडदे वर करून, थंडीवाऱ्यात. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून जलमभर झटलेली बाई मी. त्या दिवशी देवाला सोडून वाऱ्याला हात जोडत होते.

दवाखान्यात दोघींच्या नाकाला ऑक्सिजन लावला. तासाभरानं लेकरू रडलं, चांगलं खणखणीत रडलं. दीपमालानं दुपारून मला ओळखलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, भावनाच्याच वयाची. तिनं मला समजावून सांगितलं की इंगळ धूर सोडत न्हाईत तवा बी गॅस सोडतात. त्याला वास न्हाई, रंग न्हाई, अन् कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो. अजून धा-पंधरा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं, असं म्हणली. मग कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, खिडकी कोणी उघडली?

मी म्हणलं, "सुनेनं. बंद मी केल्ती."

तिनं ते बी कागदावर लिहून घेतलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

भावनानं बाकीचं मला रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर सांगितलं, ते बी मी खोदून विचारलं म्हणून. लेकराची दूध प्यायची वेळ झाली अन् आतून आवाज आला न्हाई. ती धुणं टाकून दाराशी गेली, कान लावला, परत फिरली. मी आत पाय टाकू नको म्हणल्ते ना. परत गेली, परत फिरली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तिनं दार ढकललं. दोघी हाक मारून उठंनात, कापसानं काच सरकंना, म्हणून तिनं वरवंटा आणून काच फोडली, घमेलं बाहेर पालथं केलं अन् दोघींना अंगणात आणलं. मी तिला विचारलं, पहिल्यांदाच आत काऊन न्हाई गेलीस? ती खाली बघून म्हणली, तुमचं भेव वाटलं. माझ्या लेकीचा अन् नातीचा जीव आत जाऊन राह्यला होता, अन् माझी सून दाराबाहेर माझ्या तोंडाला भिऊन उभी होती. इंगळांनी जे केलं ते केलं, ती तीन फेऱ्यांची मिनिटं माझी होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. राजानंद जालन्याहून आल्ता, फुटक्या खिडकीपुढं उभा होता. नवी खिडकी म्हणून त्याचा जीव हळहळत होता. कोणी फोडली म्हणून विचारलं तर भावना आत सरकली. मी म्हणलं, भावनानं फोडली अन् बरं केलं, आता तिथं काच बसवायची तर वर जाळीची मोकळी जागा ठेवून बसव, न्हाईतर राहू दे तशीच. असं मी कवा बोलत न्हाई, म्हणून तो माझ्याकडं बघतच राह्यला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, पाणी तापवलं. बाज बाहेर काढून अंगणात उन्हाला टाकली. घमेलं भिताडाला पालथं घातलेलं होतं, त्याला हात लावला न्हाई. ऊन हाय तवर उन्हाचाच शेक. फरहानाकडं अन् आणखी दोन घरी मी सांगून आले की शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, घरचं माणूस जागं बसवून, न्हाईतर देऊच नका. एका घरी म्हातारी म्हणली, तूच तर वारं लागू देऊ नका म्हणायची. म्हणलं, म्हणायचे. चुकायचे.

न्हाणं झाल्यावर दीपमाला बाजेवर उन्हात निजली, नात तिच्या कुशीत. मी भावनाला पाटावर बसवलं अन् दवाखान्यातलं मलम तिच्या बोटांना लावायला घेतलं. चार वर्षांत मी तिचा हात हातात घेतला नव्हता. ती अवघडून बसल्ती, हात मागं ओढू की नको अशी. मला माफी मागायची होती. पण ते शब्द माझ्या तोंडाला कवा बसलेच न्हाईत. मी नुसतं मलम लावत राह्यले. शेवटचं बोट झाल्यावर म्हणलं, "ह्यापुढं माझं समदंच ऐकत जाऊ नको."

तिनं हात मागं घेतला न्हाई. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणली, "मंग तुम्ही रागावताल."

"रागावीन," मी म्हणलं. "तरी बी ऐकू नको."